जुना फिश टँक घेताना: काचेवरचा कुठला चरा चालेल, कुठला नाही

"ताई, पाणी भरलं की दिसत नाही हो."

जुनी टाकी बघायला गेलं आणि काचेवरच्या चऱ्यावर बोट ठेवलं की विकणारा हे वाक्य म्हणतोच. स्वतःसाठी आणि ओळखीच्यांसाठी मिळून मी बऱ्याच जुन्या टाक्या बघितल्या, त्यातल्या चार घेतल्या. या वाक्यावर विश्वास ठेवून घेतलेली एक टाकी आज माझ्या बैठकीत उभी आहे आणि तिच्यातला चरा पाहुण्यांना खरोखरच दिसत नाही. दुसरी अशाच विश्वासाने घेतली, पाणी भरलं, दिवा लावला आणि चरा आधीपेक्षा जास्त चमकायला लागला. दोन्ही विकणारे खरंच बोलत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. फरक एवढाच होता की पहिला चरा काचेच्या आतल्या बाजूला होता आणि दुसरा बाहेरच्या.

हे नीट समजून घेतलं तर निम्मं काम झालं, म्हणून आधी तेच सांगते. चरा आपल्याला दिसतो तो तिथे उजेड विखुरतो म्हणून, आणि तो किती विखुरणार हे काच आणि तिला लागून असलेली वस्तू यांच्या अपवर्तनांकातल्या (त्या वस्तूत शिरताना उजेड किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यातल्या) फरकावर ठरतं. साध्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. हवेतून काचेत सरळ शिरताना सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो, पाण्यातून काचेत शिरताना अर्धा टक्काही फिरत नाही. आतल्या चऱ्यात पाणी शिरून बसतं, फरक कमी होतो आणि चरा विरून गेल्यासारखा वाटतो. बाहेरच्या चऱ्यात मात्र हवाच राहते. तुम्ही २०० लिटर पाणी भरा, त्याला काही फरक पडत नाही. उलट आतला दिवा लागला की तो उठून दिसतो.

निघण्याआधी फोनवर

ओएलएक्सवर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा ओळखीतून टाकी कळली की फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. लांबी, रुंदी, उंची किती. काच किती एमएमची. टाकी किती वर्षांची. आणि आत्ता तिच्यात पाणी आहे का. चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. टाकी भरलेली असेल तर "मी येईपर्यंत रिकामी करू नका" असं आवर्जून सांगा. बिचारा विकणारा आपली सोय बघून आधीच सगळं उपसून, धुऊन, चकाचक करून ठेवतो. पण भरलेली टाकी म्हणजे चालू असलेली गळतीची चाचणीच असते, आणि आतले चरे पुढे घरी कसे दिसणार तेही तिथल्या तिथे कळतं.

रिकामी असेल तर किती दिवस आणि कुठे, हे विचारा. महिनाभर घरात कोरडी राहिलेली टाकी आणि चार वर्षं बाल्कनीत उन्हापावसात पडलेली, आत कुंड्या भरलेली टाकी, यांच्यात खूप अंतर आहे. दुसरीची काच फारशी बदललेली नसते, पण जोडांना किती हिसके बसलेत ते कुणालाच सांगता येत नाही.

काचेच्या जाडीबद्दल दुकानादुकानात वेगळं ऐकायला मिळतं. माझा स्वतःचा नियम असा: २ फूट बाय १ बाय १ ला ५ एमएम पुरते. ३ फूट लांब आणि दीड फूट उंच असेल तर ८ एमएमच्या खाली मी जात नाही. ४ फूट बाय दीड बाय दीड असेल तर १० एमएम. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकी किती रुंद आहे यावर नाही. चार फुटी, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर तिच्या पुढच्या एकट्या काचेवर सुमारे १२५ किलोचा भार येतो. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. चऱ्याचा विचार करताना हा आकडा डोक्यात असू द्या.

सोबत काय न्याल

मोबाइलच्या दिव्यापेक्षा एक लहान, एकाच झोताचा टॉर्च बरा. टेप, स्टीलची पट्टी (काचेची जाडी वरच्या कडेवर मोजायला), एक ओला आणि एक सुका फडका, थोडं व्हिनेगर छोट्या बाटलीत, आणि एखादं जुनं एटीएम कार्ड. टाकी मोठी असेल तर सोबत एक माणूस. शक्यतो दिवसा जा. ट्यूबलाइटच्या उजेडात चरे अर्धेच दिसतात.

आधी कडा आणि जोड, मग चरे

चरा डोळ्यात भरतो म्हणून सगळे आधी त्याच्याकडे बघतात. मीही तेच करायचे. आता मी शेवटी बघते, कारण टाकी चऱ्याने क्वचितच फुटते. ती जाते जोडातून किंवा कडेवरच्या टवक्यातून.

वरच्या चारही कडांवरून बोट फिरवा, जपून. टवका उडालेला असेल तर कुठे आहे ते बघा. पाणी भरल्यावर लांब काच बाहेरच्या बाजूला हलकीशी फुगते, आणि सगळ्यात जास्त फुगते ती वरच्या कडेला, मधोमध, कारण तिथे तिला धरायला काहीच नसतं. त्या जागी टवका असेल तर मी ती टाकी सोडते, मग किंमत कितीही कमी असो. तोच टवका कोपऱ्याजवळ, लहान आणि गुळगुळीत असेल तर चालू शकतो. मोठ्या टाकीवर वर मधोमध आडवी काचेची पट्टी असते, ती याच फुगण्याला आवर घालते. पट्टी निघालेली असेल, किंवा नुसत्या सिलिकॉनच्या खुणा दिसत असतील, तर विचारा. "झाकण बसत नव्हतं म्हणून काढली" असं उत्तर मी ऐकलेलं आहे.

मग जोड. प्रत्येक जोडात दोन भाग असतात: दोन काचांच्या मधला पातळ थर, आणि आतून कोपऱ्यात बोटाने ओढलेली सिलिकॉनची पट्टी. खरा भार पहिला थर पेलतो. बाहेरून काचेतून त्याच्याकडे टॉर्च मारून बघा. तो एकसंध काळा किंवा पारदर्शक दिसायला हवा. त्यात लांबलचक चांदीसारखे पट्टे दिसले तर तिथे सिलिकॉन काचेपासून सुटलंय. बारीक एकटेदुकटे बुडबुडे असले तर घाबरू नका, पण जोडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी बुडबुड्यांची ओळ चांगली नाही. आतली पट्टी ब्लेडने खरवडली गेलेली असेल तर ते दिसायला वाईट, पण मधला थर शाबूत असेल तर दुरुस्त होण्यासारखं आहे. त्या पट्टीखाली हिरवं-काळं शेवाळ शिरलेलं असेल तर ती उचकटत चालली आहे असं समजा.

तळाच्या काचेखाली हात घालता आला तर घाला, किंवा टाकी दोघांनी मिळून तिरकी करून बघा. थर्माकोल न घालता ओबडधोबड स्टँडवर ठेवलेल्या टाकीच्या तळाला बारीक तडा असू शकतो. तडा आणि चरा यांत गल्लत होते, ती अशी टाळा: टॉर्च तिरका धरा. चरा पृष्ठभागावर असतो, त्याची रेघ कुठूनही बघितली तरी रेघच दिसते. तडा काचेच्या आत शिरलेला असतो आणि विशिष्ट कोनातून आरशाच्या तुकड्यासारखा लखकन चमकतो. तडा दिसला की तिथेच नमस्कार करून निघावं. त्यावर सिलिकॉन फासून "चालतंय की दोन वर्षं" म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्या बैठकीची फरशी अजून सुकी आहे एवढाच त्याचा अर्थ.

आता चरे

काच आधी सुक्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. ओली काच चरे लपवते, तेल पुसलेली काच त्याहून जास्त लपवते. मुद्दाम कुणी करत नसेलही, पण टाकी "चमकवायला" हल्ली लोक काय काय चोळतात. कोरड्या काचेवर टॉर्च जवळजवळ आडवा धरून, काचेला घासून उजेड जाईल असा, डावीकडून उजवीकडे आणि मग वरून खाली फिरवा. प्रत्येक रेघेला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, हा चरा आहे की डाग? बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत टाकीच्या पाण्याच्या रेषेवर पांढरा क्षार इतका घट्ट बसतो की तो ओरखड्यासारखा दिसतो. मुंबईच्या धरणांचं पाणी मृदू, तिथल्या टाकीवर हे कमी आढळतं. पुण्याच्या बाजूला, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या इमारतींत जास्त. व्हिनेगरचा ओला फडका पाच मिनिटं लावून ठेवा आणि कार्डाने खरवडा. क्षार असेल तर निघायला लागतो. मात्र वर्षानुवर्षांच्या क्षाराखाली कधीकधी काचच खाल्ली गेलेली असते, मग ती धुरकट राहते आणि व्हिनेगरने काही होत नाही. अशी धुरकट काच मी चऱ्यातच धरते.

दुसरा, खोल किती? नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर चरा वरवरचा. जेमतेम जाणवलं तर मध्यम. टचकन अडकलं तर खोल.

तिसरा, कुठल्या बाजूला आणि कुठे? एका बाजूने नखाला लागत नाही आणि दुसऱ्या बाजूने लागतो, म्हणजे तो दुसऱ्या बाजूचा. एवढं सोपं आहे, पण घाईत कुणी करत नाही. आतला वरवरचा चरा असेल तर तिथेच परीक्षा घ्या: ओल्या फडक्याने पाण्याचा एक थर त्यावर ठेवा आणि दोन फुटांवरून बघा. जसा दिसेल साधारण तसाच भरलेल्या टाकीत दिसणार. बाहेरच्या चऱ्याला ही परीक्षा लावू नका, पाणी वाळलं की तो परत येणार.

बाजूचा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. काच दाबाखाली बाहेर फुगते तेव्हा मधल्या भागात तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला दाबला जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. काच कापणारे याच गोष्टीवर पोट भरतात: वर एक रेघ मारायची, आणि ती रेघ ताणली जाईल अशा बाजूने वाकवायची. काच त्या रेघेवर तुटते. तेव्हा पुढच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, नख अडकेल असा लांब चरा म्हणजे काचवाल्याने मारून ठेवलेली रेघच. जोडांच्या अगदी लगत मात्र हिशोब उलटा होऊ शकतो, तिथे काच धरून ठेवलेली असल्यामुळे आतला पृष्ठभाग ताणला जातो. म्हणून जोडाला समांतर, त्याच्या शेजारून जाणारा आतला खोल चरा मला आवडत नाही.

थोडक्यात माझा निवाडा असा असतो. आतले, नखाला न लागणारे चरे कितीही असले तरी टाकी घ्यावी, फक्त भावात बोलावं. बाहेरचे वरवरचे चरे असतील तर ती काच मागे किंवा भिंतीकडे फिरवता येते का ते बघावं; टाकीला पुढे-मागे असं काही नसतं, मागच्या काचेवरचं निळं चित्र सोलून काढलं की मागची काच पुढची होते, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात स्वच्छ असते, कारण इतकी वर्षं तिला कुणी घासलेलंच नसतं. खोल चरा बाहेरून मधोमध असेल आणि टाकी दीड फूट उंच असेल तर सोडून द्यावी, किंवा अर्धीच भरून वापरायची तयारी असेल तर घ्यावी. अर्ध्या भरलेल्या टाकीत झाडं आणि दगड लावून पाण्या-जमिनीचा सुंदर देखावा होतो, आणि पाण्याची उंची निम्मी झाली की त्या काचेवरचा भार पाव होतो.

भाव

आपल्या भागातल्या टाक्या बनवणाऱ्या काचवाल्याला आधी फोन करा: याच मापाची, याच जाडीची नवी टाकी कितीला? जुनी धडधाकट असेल तर त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मी देत नाही. पुढच्या काचेवर चरे असतील तर एक तृतीयांश. स्टँड, फिल्टर, दिवा यांचे पैसे वेगळे धरा आणि ते चालू करून दाखवायला सांगा. लोखंडी स्टँडचे पाय आतून गंजलेत का बघा. १० एमएमची चार फुटी टाकी रिकामीच ५० किलोच्या आसपास भरते आणि पाणी, वाळू धरून स्टँडवर ३०० किलोच्या वर भार येतो.

सोबत "फुकट" म्हणून जे येतं त्यातलं जुनं खडे-वाळू मी शक्यतो घेत नाही. चालू टाकीतला फिल्टरचा स्पंज मात्र हक्काने मागून घ्या. तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात, त्याच दिवशी घरी आणला तर त्यातले उपयोगी जिवाणू जगतात आणि तुमची टाकी लवकर मुरते, म्हणजे मासे सोडण्याजोगी होते. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने ते मरतात. आणि कुणी टाकीसोबत स्टार कासव देऊ केलं तर नाही म्हणा. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे.

घरी आणताना

सगळं पाणी, वाळू, दगड काढूनच उचलायची. "थोडी वाळू राहू दे, परत कुठे भरायची" हा मोह जोड सुटायला पुरतो. उचलताना हात तळाखाली. वरच्या कडेला किंवा मधल्या पट्टीला धरून कधीच नाही. टेम्पोत खाली गादी किंवा जाड थर्माकोल, त्यावर टाकी तिच्या नेहमीच्या स्थितीत, तळावर सपाट. आडवी पाडून नेऊ नये. आत काही सामान भरू नये. अर्धे नवे चरे या प्रवासात पडतात: टेम्पोच्या पत्र्यावरची वाळू, कुणाच्या पट्ट्याचं बक्कल, हातातलं कडं. मी काचेला चारही बाजूंनी जुनी चादर गुंडाळते आणि जिन्यातून नेणाऱ्यांना घड्याळ काढून ठेवायला सांगते.

धुणं

साबण, भांड्यांचं लिक्विड काही नको. सिलिकॉनला लागलेला साबण पूर्ण जात नाही. साधं पाणी, क्षाराला व्हिनेगर, शेवाळाला कार्ड. ब्लेड वापरायचंच तर नवं कोरं, काच ओली ठेवून, जोडांपासून बोटभर लांब. गंजलेलं ब्लेड स्वतःच चरे पाडतं. भांडी घासायची हिरवी घासणी टाकीजवळ आणू नका. तिच्यात घासणारी कठीण पूड असते आणि तिने पडणाऱ्या केसासारख्या बारीक रेघा उन्हात जाळ्यासारख्या दिसतात. तारेची घासणी तर दूरच. मासे आजाराने गेलेली टाकी असेल तर एक भाग ब्लीचिंगचं द्रव आणि वीस भाग पाणी पंधरा मिनिटं ठेवून, भरपूर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत एक-दोन दिवस कोरडी सोडा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

पाणी भरून बघणं

चऱ्यावर मेहनत घेण्याआधी टाकी धरते की नाही हे कळायला हवं, म्हणून ही चाचणी पॉलिशच्या आधी. गॅलरीत किंवा बाथरूममध्ये, स्पिरिट लेव्हल लावून सपाट करून घेतलेल्या जागी, खाली थर्माकोल आणि त्याच्याभोवती जुनी वर्तमानपत्रं. बिनफ्रेमच्या टाकीला थर्माकोल हवाच. प्लॅस्टिकच्या फ्रेमवर उभी राहणारी, जिचा तळ अधांतरी असतो, ती मात्र नुसत्या सपाट फळीवरच ठेवायची.

पाव भरा, चार तास थांबा. अर्धी, रात्रभर. पाऊण, पुन्हा चार तास. मग पूर्ण, आणि ती ४८ तास तशीच. जोडांवरून कोरडा टिश्यू फिरवत राहा, बोटाला कळत नाही इतकी ओल टिश्यूला कळते. पाण्याची पातळी काचेवर मार्करने खूण करून ठेवा आणि शेजारी एक भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. दोन्हीतलं पाणी सारखंच खाली गेलं तर ती वाफ. टाकीतलं जास्त गेलं तर गळती, डोळ्यांना दिसो न दिसो. पूर्ण भरल्यावर स्टीलची लांब पट्टी किंवा ताणलेली दोरी पुढच्या काचेला लावून फुगवटा बघा. एखाद-दोन मिलिमीटर चालतं. पहिल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या मापात फरक पडत असेल तर रिकामी करा.

आणि याच दोन दिवसांत, संध्याकाळी दिवा लावून, चरे बघा. निम्मे गायब झालेले असतील. जे उरलेत तेवढ्यांचाच विचार करायचा.

चरे घालवणं, जिथे शक्य आहे तिथे

टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात. तिने प्लॅस्टिकवर काम होतं, काचेवर नाही. तिच्यातली खडूसारखी पूड काचेपेक्षा मऊ असते. बेकिंग सोड्याचंही तेच.

काचेला एकच गोष्ट खरोखर लागू पडते, ती म्हणजे सीरियम ऑक्साइड. गाडीच्या पुढच्या काचेचं पॉलिश म्हणून ही फिकट पिवळसर-गुलाबी पूड मिळते, चष्म्याच्या काचाही हिनेच घासतात. ती नुसती घासत नाही, पाण्यासोबत काचेच्या वरच्या थराशी रासायनिक क्रियाही करते. पण ती चरा "भरत" नाही. चऱ्याच्या आजूबाजूची काच चऱ्याच्या तळापर्यंत उतरवते. म्हणूनच नखाला न लागणारे चरे जातात, आणि नख अडकणारे घालवायला गेलं तर काचेत खळगा पडतो. तो खळगा भिंगासारखं काम करतो आणि मासा तिथून जाताना वाकडातिकडा दिसतो. चऱ्यापेक्षा ते जास्त खटकतं.

करायचंच तर असं. टाकी रिकामी, कोरडी, शक्यतो ज्या काचेवर काम आहे ती वर येईल अशी जाड गादीवर आडवी ठेवलेली. चऱ्याच्या विरुद्ध बाजूने मार्करने गोल करून घ्या, नाहीतर लगद्याखाली तो सापडत नाही. पूड एक भाग, पाणी दोन भाग, दाट ताकासारखं. ड्रिलला दोन-तीन इंचांचं फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) चाक, वेग कमी, हात हलका. एका जागी थांबायचं नाही. चऱ्यापेक्षा तीन-चार पट मोठ्या भागावर फिरवत राहायचं, म्हणजे खळगा पडत नाही. लगदा सुकू द्यायचा नाही, जवळ पाण्याची फवारणी ठेवा. दर दोन मिनिटांनी थांबून काचेला हात लावा. कोमट लागली की थंड होईपर्यंत थांबा. एकाच जागी तापलेली काच तडकते. दर पाच-दहा मिनिटांनी पुसून, कोरडी करून टॉर्चने बघा. तळहाताएवढ्या भागाला एक-दीड तास सहज लागतो. मास्क घाला, आणि ड्रिल पाण्याजवळ असतो म्हणून हातमोजे घालून, कोरड्या जागी उभं राहून काम करा. आधी मागच्या काचेच्या कोपऱ्यात हात बसवून घ्या. शेवटी प्रत्येक जोडातून लगदा निघेपर्यंत धुवायचं.

आतून हे काम करणं बाहेरच्यापेक्षा कितीतरी अवघड. ड्रिल कोपऱ्यात पोचत नाही आणि चाक सिलिकॉनला लागलं की जोड गेला. आतल्या वरवरच्या चऱ्यांना मी हातच लावत नाही. पाणी त्यांचं काम फुकट करतं. त्यांच्यात शेवाळ लवकर धरतं आणि हिरवी रेघ उमटते, ती आठवड्याच्या साफसफाईत कार्डाने जाते.

बाहेरच्या चऱ्यावर पारदर्शक नेलपॉलिश किंवा गाडीच्या काचेचं रेझिन लावून तो लपवतात. छोट्या चऱ्याला जमतं, हवेची जागा रेझिन घेतं म्हणून. पण त्याने काच मजबूत झाली असं समजून पाणी वाढवू नका.

ॲक्रिलिकची टाकी असेल तर वरचं काहीच लागू नाही. ओळखायला सोपी: त्याच मापाच्या काचेच्या निम्म्याने हलकी, हाताला कमी गार, टिचकीला आवाज बद्द. तिला ओल्या पॉलिश पेपरने जाडकडून बारीककडे घासत आणता येतं आणि अगदी खोल चरेही जातात. टूथपेस्ट इथे उपयोगी.

सगळंच हाताबाहेर असेल आणि टाकी बाकी उत्तम असेल तर काचवाल्याकडून ती एक काच बदलून घेता येते. त्याला दोन गोष्टी सांगा. नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही, म्हणून जुनं ब्लेडने खरवडून, ॲसिटोनने पुसून पूर्ण काढायला हवं. आणि सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, बुरशीरोधक नसलेलं. बाथरूमसाठी विकतात त्यात बुरशीनाशक असतं, माशांना ते चालत नाही. त्यानंतर आठवडाभर पाणी नाही, आणि मग भरून बघण्याची चाचणी पहिल्यापासून.

पुन्हा चरे पडू नयेत म्हणून

टाकीतले जवळजवळ सगळे चरे वाळूने पडतात. वाळूतले गारेचे कण काचेपेक्षा कठीण असतात, आणि घासणी व काच यांच्यात एक कण सापडला की हात फिरेल तिथे रेघ. चुंबकाची घासणी (एक भाग काचेच्या आत, एक बाहेर) याबाबतीत सगळ्यात वाईट, कारण कण शिरल्याचं बाहेरून कळतच नाही. मी ती वाळूच्या वर चार बोटं थांबवते. त्याखालचा पट्टा कार्डाने, वरून खाली नव्हे, खालून वर. पाणी बदलताना वाळू ढवळली गेली असेल तर त्या दिवशी काच घासत नाही. आणि काम झालं की चुंबक टाकीत चिकटवून ठेवत नाही, बाहेर काढून, नळाखाली आतला कापडी भाग बोटाने चाचपून, खिळ्यावर टांगते.